मरीन सर्वेअर नेमकं मोजतो तरी काय?

गावाकडे 'मी सर्वेअर आहे' म्हटलं की समोरचा लगेच बांधाचा विषय काढतो. आमच्या एका मामांनी तर सातबाराच पुढ्यात ठेवला होता. "मोजणीची तारीख मिळत नाहीये रे, तूच ये की टेप घेऊन." मी जहाजांचा सर्वेअर आहे असं सांगितल्यावर म्हणाले, "जहाजाची कसली मोजणी? ते काय शेजाऱ्याच्या शेतात घुसतंय?"

मामांचा प्रश्न तसा रास्तच आहे. आमच्याच शहरात राहणाऱ्यांनाही हे काम माहीत नसतं. बरेच जण समजतात की आम्ही समुद्रतळाचे नकाशे काढतो. ते जलसर्वेक्षण, तो वेगळा पेशा. आमचं काम समजून घ्यायचं तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला किंवा मोऱ्याला जाणाऱ्या लाँचमध्ये बसा. किती उतारू न्यायचे याचा आकडा कुठेतरी रंगवलेला दिसेल. तो आकडा मालकाच्या मर्जीचा नसतो. लाँचचा तळ, इंजिन, तोल, लाइफ जॅकेटं हे सगळं कुणीतरी तपासलेलं असतं, त्यातून तो येतो. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ज्या कुटुंबांत ती आठवण अजून निघते, त्यांना या आकड्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

तर मरीन सर्वेअर म्हणजे जहाजावर प्रत्यक्ष जाऊन जहाज, यंत्रं, माल किंवा झालेलं नुकसान पाहणारा, आणि जे पाहिलं ते लिहून खाली सही करणारा माणूस. बँक, विमा कंपनी, माल विकत घेणारा, जहाज भाड्याने घेणारा, सरकार, या सगळ्यांचा पैसा किंवा जबाबदारी त्या जहाजात अडकलेली असते, पण त्यांच्यापैकी कुणी होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठारात, उतरलेलं नसतं. ते आमचे डोळे भाड्याने घेतात. या पेशाच्या बहुतेक अडचणी या 'भाड्याने' शब्दापाशीच सुरू होतात.

आता समजा, गोव्यात मुरगावला खनिज भरायला एक जहाज आलंय. त्याच्यावर एकाच दिवशी चार-पाच सर्वेअर एकमेकांना 'गुड मॉर्निंग' करताना दिसतील. सरकारी सर्वेअर सुरक्षेचे नियम पाळले जातात का ते बघतो. क्लासचा सर्वेअर जहाजाचा सांगाडा आणि यंत्रं तपासतो. क्लास म्हणजे वर्गीकरण संस्था. लंडनच्या एका कॉफीगृहातल्या गिऱ्हाइकांनी १७६० मध्ये सुरू केलेली लॉइड्स रजिस्टर ही त्यातली सर्वांत जुनी, आणि आपल्या पवईत मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ ची. क्लास नसेल तर जहाजाला विमा मिळत नाही, आणि विमा नसेल तर माल मिळत नाही. तिसरा सर्वेअर भाड्याने घेणाऱ्याचा. जहाज ताब्यात घेताना टाकीत इंधन किती होतं ते तो मोजतो, म्हणजे परत देताना भांडण नको. चौथा मालाचा. आणि काही बिघडलं, आदळलं, भिजलं की विम्याचे लोक. त्यातही जहाजाच्या नुकसानीचा विमा वेगळा आणि तिसऱ्या पक्षाच्या दाव्यांसाठी मालकांनी मिळून चालवलेले पी अँड आय क्लब वेगळे.

यातलं मला सर्वांत आवडणारं काम ड्राफ्ट सर्वे. ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय ते. सत्तर हजार टन खनिज तोलायला तेवढा मोठा वजनकाटा कुठून आणणार? म्हणून जहाजालाच वजनकाटा करायचं. आर्किमिडीजने सांगून ठेवलंय की तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. भरण्याआधी जहाज किती बुडालंय आणि भरल्यावर किती, हे बघायचं आणि इंधन, बॅलास्टचं (तोलासाठी टाक्यांत भरलेलं) पाणी वगैरे वजा करायचं. उरतो तो माल. जहाजाच्या नाळीवर, मध्यावर आणि मागे, दोन्ही बाजूंना, असे सहा ठिकाणी आकडे रंगवलेले असतात. छोट्या होडीतून फिरून ते वाचायचे.

ऐकायला सोपं आहे. पण पनामा कालव्यात मावेल एवढ्या, म्हणजे पॅनामॅक्स आकाराच्या जहाजाचं एक सेंटीमीटर जास्त बुडणं म्हणजे साधारण ६५ टन. लाटा आकड्यावर वरखाली होत असतात आणि तुमची होडीही. शिवाय पाणी सगळीकडे सारखं नसतं. भर समुद्रातल्या पाण्याची घनता १.०२५ धरतात. पावसाळ्यात मांडवी-जुवारीचं गोडं पाणी खाडीत उतरलं की ती खाली येते आणि तेच जहाज जास्त बुडतं. समजा घनता १.०१० निघाली आणि सर्वेअरने बाटलीत पाणी काढून घनता मोजणारा हायड्रोमीटर न बुडवता मनानेच १.०२५ लिहिलं. ऐंशी हजार टन विस्थापनावर (मालासकट जहाजाच्या एकूण वजनावर) जवळजवळ १,१७० टनांची चूक झाली. एवढं सगळं नीट केलं तरी अर्ध्या टक्क्याचा फरक या पद्धतीत गृहीतच धरतात. सत्तर हजार टनांवर तो साडेतीनशे टन होतो. तेवढ्या फटीत पुष्कळांचे हितसंबंध मावतात, म्हणून दोन्ही बाजूंचे सर्वेअर एकाच होडीत बसून एकत्र आकडे वाचतात. मनं एकत्र असतातच असं नाही.

खनिजाचा विषय निघालाच आहे तर गोव्याच्या लाल चिखलाबद्दल सांगायला हवं. लोहखनिजाचा बारीक चुरा दिसायला कोरडा असतो. त्यात पाणी मुरलेलं असतं, पण कणांमधल्या फटींत दडलेलं. जहाज चालू लागलं की इंजिनाची थरथर आणि लाटांचे हेलकावे बसतात, कण एकमेकांवर घट्ट बसू लागतात आणि फटींतल्या पाण्याला जागा उरत नाही. मग अख्खा ढीग पातळ होतो. धान्याच्या मापाला खाली आपटल्यावर ते कसं बसतं, तसंच, फक्त इथे ते ओलं असतं. पातळ झालेला माल एका बाजूला वाहतो, जहाज कलतं, आणि परत सरळ होत नाही. २००९ च्या पावसाळ्यात असा चुरा भरलेली दोन जहाजं आपल्या किनाऱ्यांजवळ गेली. 'एशियन फॉरेस्ट' मंगळूरजवळ आणि 'ब्लॅक रोझ' पारादीपजवळ. २०१० च्या शेवटच्या तीन महिन्यांत इंडोनेशियाचं निकेल खनिज नेणारी तीन जहाजं बुडाली आणि ४४ खलाशी मेले.

यावर उपाय ठाऊक आहे. प्रयोगशाळेत नमुना थरथरवून तो कितव्या टक्क्याला पातळ होतो ते काढायचं, त्याच्या ९० टक्क्यांवर मर्यादा ठरवायची, आणि भरायच्या मालातला ओलावा त्याखाली आहे का ते भरण्याच्या आधीच्या सात दिवसांत तपासायचं. शिवाय धक्क्यावर सर्वेअर एक साधी चाचणी करतो. अर्धा-एक लिटरचा डबा अर्धा भरायचा, साधारण वीतभर उंचीवरून कठीण जागेवर पंचवीस वेळा आपटायचा, आणि वर पाणी सुटलं का ते पाहायचं. सुटलं तर माल थांबवायचा. नाही सुटलं तर माल सुरक्षित आहे असं मात्र सिद्ध होत नाही. ही दुसरी अर्धी बाजू धक्क्यावर सोयीस्करपणे विसरली जाते.

मग अडतं कुठे? कागदावर. आंतरराष्ट्रीय नियमावलीत 'लोहखनिज' हा निर्धोक गटातला माल होता आणि चुऱ्याची वेगळी नोंद नव्हती. त्यामुळे चुरा बिनदिक्कत 'लोहखनिज' म्हणून जाहीर होत असे. चुऱ्याची स्वतंत्र नोंद बंधनकारक व्हायला १ जानेवारी २०१७ उजाडलं. तोवर गोव्याचं खाणकाम २०१२ ला थांबून पुन्हा सुरू झालं होतं, आणि २०१८ मध्ये ते परत बंद पडलं. नियम पोहोचेपर्यंत माल निघून गेला, असं हे झालं. आणि ज्या दिवशी सर्वेअर डबा आपटून 'नको' म्हणतो, त्या दिवशी माल घेऊन आलेल्या बार्जेस (सपाट तळाच्या मोठ्या होड्या) रांगेत उभ्या असतात, जहाजाचं भाडं दर तासाला चढत असतं, आणि मागून कुणीतरी म्हणतं, "साहेब, तुमच्या एका डब्यासाठी सगळं थांबवायचं?"

माझ्या उमेदवारीच्या काळात एका बंदरात साखरेसाठी होल्ड तपासायला गेलो होतो. आधीचा माल कोळसा. वरवर धुतलेलं होतं, पण बरगड्यांच्या मागे हात फिरवला तर हात काळा. मी नाकारलं. एजंटने चहा मागवला, मग दुसरा मागवला, मग सांगितलं की पावसाचा अंदाज आहे आणि माझ्या आधीचे साहेब 'समजूतदार' होते. त्या जहाजावर सही दुसऱ्या दिवशी झाली, होल्ड पुन्हा धुतल्यावर. त्या कंपनीचं काम मला पुढे कधी आलं नाही.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पैसे देणारा आणि तपासला जाणारा एकच असला की काय होतं, ते सांगतोय. क्लासच्या सर्वेअरचं बिल जहाजमालक भरतो, ही या धंद्यातली सर्वांत जुनी गाठ. तिच्यावर इंग्लंडमध्ये एक खटलाही गाजला. 'निकोलस एच' नावाच्या जहाजाला १९८६ मध्ये प्रवासात प्वेर्तो रिकोजवळ भेग पडली. क्लासच्या सर्वेअरने आधी सांगितलं, कायमची दुरुस्ती करा. मालकाला ते परवडेना. मग तात्पुरत्या डागडुजीवर जहाज पुढे जाऊ दिलं गेलं आणि काही दिवसांत ते मालासकट बुडालं. मालाच्या मालकांनी वर्गीकरण संस्थेला कोर्टात खेचलं. १९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की मालमालकांप्रती संस्थेची अशी कायदेशीर जबाबदारी नाही. कायद्याची कारणं त्यांच्या जागी असतील. मला मात्र त्यातला तो सर्वेअरच दिसतो, ज्याने आधी बरोबर तेच सांगितलं होतं.

त्यात आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. विम्याचं नुकसान ठरवणाऱ्या सर्वेअरला विमा कायद्याच्या कलम ६४ यूएम प्रमाणे आयआरडीएआय या विमा नियामकाचा परवाना लागतो. सरकारी आणि क्लासच्या सर्वेअरवर त्यांच्या संस्थांचा वचक असतो. पण ड्राफ्ट, होल्ड, इंधन, जहाज भाड्याने देणं-घेणं यातलं बरंचसं काम करणाऱ्या खासगी सर्वेअरसाठी सगळ्यांना लागू असा एक परवाना नाही. व्हिजिटिंग कार्डावर 'मरीन सर्वेअर' छापायला छापखान्याशिवाय कुणाची परवानगी लागत नाही. परिणाम बाजारात दिसतो. दर पाडण्याची स्पर्धा लागते. रात्रभर अँकरेजला, म्हणजे जहाजं नांगर टाकून थांबतात तिथे, लाँचमध्ये ताटकळलेल्या माणसाला बिल मात्र एकाच हजेरीचं मिळतं. आणि ज्यांनी खरं तर इकडे यायला हवं, ते अनुभवी चीफ इंजिनिअर आणि कॅप्टन समुद्रावरचा पगार सोडून या दरात किनाऱ्यावर येत नाहीत.

जिवाची जोखीम वेगळीच. जुन्या काळी धान्याच्या पेवात उतरलेला माणूस गुदमरून पडे, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडे. जहाजाची बंद टाकी म्हणजे तेच पेव. नुसता गंज चढतानासुद्धा हवेतला ऑक्सिजन खाल्ला जातो. कोळसा, लाकूड, खनिज यांचंही तसंच. खिशाला ऑक्सिजन मीटर न लावता आत उतरणारे सर्वेअर अजून आहेत, आणि त्यातले बरेच जण वयाने ज्येष्ठ आहेत.

अलीकडच्या काळात कामाचं स्वरूप सर्वांत जास्त बदललं ते कंटेनरमुळे. खुला माल डोळ्यांना दिसतो. कंटेनरवर दिसतं ते सील आणि सोबत आलेली घोषणा. २५ मे २०२५ ला कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते आणि त्यातल्या बारामध्ये कॅल्शियम कार्बाइड होतं. आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच. पाणी लागलं की त्यातून पेट घेणारा वायू सुटतो. केरळच्या वाळूत प्लॅस्टिकचे बारीक दाणे येऊन पडले. दोनच आठवड्यांनी, ९ जूनला, कोलंबोहून आपल्या न्हावा शेवाकडे येणाऱ्या 'वान हाय ५०३' ला आग लागली. २२ जणांपैकी चौघे बेपत्ता झाले. असं काही घडलं की पुढे महिनोन् महिने सर्वेअरांचं काम चालतं. कोणता डबा कुठे रचला होता, काय जाहीर केलं होतं, काय वाचलं आणि त्याची किंमत किती, हे सगळं शोधावं लागतं. विजेवरच्या गाड्या नेणाऱ्या जहाजांचंही तेच. 'फ्रीमॅन्टल हायवे' ला जुलै २०२३ मध्ये आग लागली तेव्हा एक भारतीय खलाशी गेला.

नाशिकच्या बागायतदाराचा या पेशाशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. शीत कंटेनरमधून द्राक्षं न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जातात. तिथे माल खराब निघाला की सर्वेअर येतो. तो तापमानाची नोंदपेटी काढतो, पेट्या उघडून देठ हिरवे आहेत की तपकिरी ते बघतो, मणी दाबतो, कुजलेल्यांचं प्रमाण मोजतो. प्रवासात थंडी मध्येच गेली होती की माल भरतानाच पुरेसा गार नव्हता, हे त्याच्या पानभर अहवालात ठरतं, आणि त्यावर इकडे शेतकऱ्याला किती मिळणार ते. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास लांबला आणि असले वाद वाढले. रॉटरडॅमचा सर्वेअर बहुधा खरेदीदाराने बोलावलेला असतो. आपल्या निर्यातदाराने तिथे स्वतःचा सर्वेअर लगेच उभा केला नाही, तर त्याची बाजू मांडणारं कुणीच नसतं. फळबागेची जाण असलेल्या कृषी पदवीधराला इथे शिरकाव आहे, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

दूरस्थ सर्वेचं काय? कोविडमध्ये जहाजावर जाता येईना, तेव्हा कॅप्टनने फोन फिरवायचा आणि सर्वेअरने घरून बघायचं, असं सुरू झालं. वर्गीकरण संस्थांच्या महासंघाने २०२३ पासून त्याला नियमही लावले. ड्रोनचं मला कौतुक आहे. होल्डच्या वीस मीटर उंच कोपऱ्यात शिडी लावून चढण्यापेक्षा ड्रोन केव्हाही बरा. पण आपण मडकं घेताना टिचकी मारून बघतो ना? पत्र्यावर हातोडी मारली की चांगला टणटणतो आणि कुजका बद्द वाजतो. तो आवाज आणि बिल्जचा, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेल्या पाण्याचा, वास अजून व्हिडिओ कॉलवर येत नाही. आणि फोन कुठे वळवायचा हे ज्याच्या हातात फोन आहे तोच ठरवतो. निर्बंध चुकवत तेल वाहणाऱ्या जुनाट टँकरांच्या ताफ्यात तर जहाजाचा झेंडासुद्धा खोटा निघतो. तिथे पडद्यावरच्या चित्रावर कितपत विसंबायचं?

आता कामं कुठून येणार ते बघू. जहाज तोडण्याबाबतचा हाँगकाँग करार २००९ चा, पण तो लागू झाला २६ जून २०२५ ला. ५०० टनेजच्या वरच्या जहाजांवर आता घातक पदार्थांची यादी हवी. ॲस्बेस्टॉस कुठल्या पाइपाभोवती आहे, कुठल्या रंगात काय आहे, ते नमुने घेऊन लिहायचं. जुन्या जहाजांना पाच वर्षांची मुदत आहे. भारत करारात आहे आणि अलंग आपल्या शेजारी आहे. रसायनशास्त्राच्या पदवीधराला जहाजाशी बांधणारं इतकं थेट काम मी तरी आधी पाहिलं नव्हतं.

नव्या इंधनांचंही काम येतंय. मिथेनॉलची ज्योत दिवसा उजेडी जवळजवळ दिसत नाही, आणि अमोनिया विषारी आहे. डिझेलवर वाढलेल्या आमच्या पिढीला हे नव्याने शिकावं लागतंय, म्हणजे नवख्यांना आमच्याच रेषेवरून धावायची संधी आहे. देशात १९५८ चा मर्चंट शिपिंग कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. जहाजबांधणीसाठी केंद्राने ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली. पालघरच्या वाढवणला ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, असं माझं मत आहे. पण बंदर झालं तर तिथे उभे राहणारे सर्वेअर डहाणू-पालघरचे असतील की सगळे बाहेरून येतील, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

वाट साधारण अशी. क्लासमध्ये जायचं तर नेव्हल आर्किटेक्चर किंवा मरीन इंजिनिअरिंग. सरकारी सर्वेअर व्हायचं तर आधी समुद्रावरची वर्षं आणि वरचं सक्षमता प्रमाणपत्र. विम्यात परीक्षा, उमेदवारी आणि परवाना. मालाच्या कामात जुन्या सर्वेअरच्या मागे दोन-तीन वर्षं फिरायचं. अहवाल इंग्रजीत लिहायचा असतो, आणि तिथे आपली मुलं अडतात. भाषा अवघड नसते. जे पाहिलं तेवढंच लिहायचं आणि जे वाटलं ते गाळायचं, ही सवय नसते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पहिला महिना अहवालाला हात लावू देत नाही. ऑक्सिजन मीटर, विजेरी, खडू, हातोडी आणि हायड्रोमीटर एवढं पिशवीत टाकायला लावतो. मग पहाटे पाचच्या लाँचने अँकरेजला नेतो. जहाजाच्या पाण्यातल्या आकड्यासमोर होडी थांबवतो आणि दहा लाटा मोजून आकडा लिहायला सांगतो. मी माझा वेगळा लिहितो. दोन्ही कागद उघडतो ते किनाऱ्यावर परत आल्यावर, चहाच्या टपरीवर. बहुतेकांचे पहिले आकडे आठ-दहा सेंटीमीटरनी चुकलेले असतात. परवाच्या मुलाचा चार सेंटीमीटरनी चुकला. "म्हणजे किती टन, सर?" त्याने विचारलं. मी त्याला टेबलवरचं पेन दिलं.